एक डोळा मिटायची सवय

यंदा होळीच्या आधी अल्लीपूरच्या बाजारातून पायी घरी येत होतो, तर मधातच एका रस्त्याचे दोन रस्ते झाले. फाटा फुटतो तसे नाही. एकच डांबरी रस्ता, अन् त्याला लागून पुन्हा तोच रस्ता. समोरून गावचाच एक जण सायकलवर आला, तर सायकली दोन अन् माणसंही दोन. दोघं एकदमच म्हणाले, "राम राम." कोणाकडे पाहून राम राम घालावा ते कळेना. मान खाली घातली अन् रस्त्याच्या कडेला बसून गेलो.

बसल्या बसल्या डावा डोळा मिटला. रस्ता एक झाला. उघडला, दोन. मिटला, एक.

दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं, की चला, इलाज सापडला. मला मात्र उठवेना. कारण हा इलाज माझाच होता. दोन वर्षांआधी मीच तो माझ्या बायकोला सांगितला होता.

ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावतात. म्हणजे वावरात आधी उभ्या रेघा पाडायच्या, मग आडव्या, अन् जिथे रेघ रेघेला कापते तिथे सरकी टोबायची. टोबायची म्हणजे बोटानं मातीत भोक करायचं, बी टाकायचं, माती लोटायची. रेघा पाडायचं काम माझं. पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एक काडी रोवायची, इकडून एक डोळा मिटून तिच्यावर नेम धरायचा, अन् नजर न हलवता बैल हाणायचे. माझ्या बापानं मला हेच शिकवलं. दोन डोळ्यांनी पाहत चाललं की रेघ वाकडी जाते, एका डोळ्यानं पाहिलं की सरळ. चौथी शिकलेला माणूस मी, दुसरी विद्या नाही. पण माझ्या वावरातली रेघ पाहायला लोक धुऱ्यावर थांबत, हे मी फुशारकीनं नाही सांगत, खरं आहे.

टोबायचं काम तिचं. वाकून एका चालीनं जायची. तिचं बी चौफुली सोडून बोटभर इकडेतिकडे पडत नसे. त्या साली पडू लागलं. कुठे वीतभर अलीकडे, कुठे पलीकडे. मी मागून येत होतो, माझं डोकं फिरलं.

"काऊन वं, डोळे फुटले का तुये?"

ती उभी राहिली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ऐका ना, मले दोन दोन चौफुल्या दिसून राह्यल्या."

"मंग एकीवर टोब."

"कोणत्या एकीवर?"

 मी म्हणालो, "एक डोळा मिट. मी नाई मिटत का? सरळ दिसते."

तिनं मिटला. वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं. "झाली बाप्पा एकच!" मग हसली. "तुमी डॉक्टरच व्हाले पाह्यजे होते."

दिवसभर डोळा मिटून गाल दुखतो म्हणाली, तर मी माझ्या जुन्या दुपट्ट्याची पट्टी फाडून तिच्या डोळ्यावर बांधून दिली. मी. माझ्या हातानं. गाठही मीच मारली.

बाजूच्या वावरातल्या बायांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, डोळे आले. आमच्याकडे डोळे आले म्हटलं की समोरचा माणूस नजर खाली घालतो. आलेल्या डोळ्यात पाहिलं तर आपलेही येतात असं सगळे धरून चालतात. मग तिच्याकडे कोणीच नीट पाहिलं नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते सांगितलं.

आमची एकुलती पोरगी वर्ध्याच्या टोकाला, बोरगाव मेघेत राहते. जावयाची तिथे नोकरी. तिला कोणाकडून तरी कळलं, तिचा फोन आला.

"आईचे डोळे आले म्हणे? पट्टी बांधली म्हणे? मी शनवारी येते."

"येऊ नोको. तुया बारक्याचे येतील."

"अवो, त्याले घरी ठेवून येते ना."

"तूच घेऊन जाशीन मंग डोळे घरी. येऊ नोको म्हणतो ना."

काऊन खोटं बोललो? पोरगी आली असती तर मायला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेली असती. वावर अर्धं टोबायचं राहिलं होतं, अन् मातीत ओल आहे तोवरच ते काम होतं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

टोबणं झालं. पुढे निंदणही तिनं एकाच डोळ्यानं केलं. डोकं दुखते म्हणायची, मी म्हणायचो उन्हानं दुखते. पोळ्याच्या आठ दिवस आधी चुलीजवळून उठताना ती पडली, ती पडलीच. वर्ध्याला नेलं. डोक्यात गाठ होती, बऱ्याच दिवसांची. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "आधी काही त्रास? उलट्या? एकाचे दोन दिसणं?" मी म्हणालो, नाही. पोरगी बाजूलाच उभी होती. ती बिचारी म्हणाली, "डोळे आले होते फक्त." चौथ्या दिवशी माझी बायको गेली.

आता समजेल की रस्त्याच्या कडेला मी काऊन तसाच बसून राहिलो.

गाठीची भीती होती. नव्हती म्हणणार नाही. पण माझं वय झालं, मागे रडायला बायको नाही. खरी भीती पोरीची होती. मला एकाचे दोन दिसतात अन् डोळा मिटला की एक दिसते, हे तिच्या कानावर गेलं की ती बरोबर पट्टी आठवणार. ती हुशार आहे, मायवर गेली. तिला आता बापच उरलाय, अन् त्या बापानं काय केलं ते तिला माहीत नाही. मी मनात ठरवलं, माहीत होऊ द्यायचं नाही. गाठ असली तर गाठीनं जाऊ, पण गुपचूप जाऊ.

दोन महिने लपवलं. बाजार बंद केला. विहिरीवर गेलो तर आधी हातानं काठ चाचपायचो. लोकांसमोर टोपी डाव्या डोळ्यावर ओढून बसायचो.

वैशाखात पोरगी चार दिवस राहायला आली. पहिल्याच दिवशी तिनं चहा समोर धरला, मी हात केला, तर कप बाजूलाच राहिला अन् माझ्या मुठीत हवा. तिनं कप माझ्या हाताला लावून दिला. दुसऱ्या दिवशी अंगणात बसलो होतो.

"बाबा, काऊन एक डोळा मिटून राह्यले?"

"ऊन लागते."

"सावलीत बसले ना तुमी."

"कचरा गेला असन."

"दोन दिवसापासून एकच कचरा?" तिनं बोटं माझ्या नाकासमोर धरली. "हे किती?"

"माया बापाची शाळा घेऊन राह्यली का तू?"

"किती सांगा."

बोटं दोन दिसत होती. मी म्हणालो, "एक." तिनं ती बोटं माझ्या हातात दिली. बोटं दोनच होती. तिनं दोन दाखवली होती, अन् मला चार दिसायला पाहिजे होती. दोनावर दोन चढून गेली होती की काय, देव जाणे. मी हिशेबानं अर्धं करून सांगितलं अन् फसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं तिनं मला वर्ध्याला नेलंच.

दवाखान्यातली डॉक्टरीण पोरीच्याच वयाची होती. माझ्या डोळ्यासमोर पेन फिरवला. म्हणाली, उजवा डोळा बाहेरच्या बाजूला पुरता जात नाही, म्हणून दोन दिसतात. रक्त घेतलं, डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. त्या फोटोच्या नळीत पडलो तेव्हा मी देवाचं नाव नाही घेतलं. बायकोलाच म्हणालो, तू पाहून राह्यली असशीन तर हसू नोको. फोटोचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळणार होतं. रात्र बोरगावला पोरीच्या घरी काढली. नातवानं विचारलं, "आबा, तुमाले दोन दोन लाडू दिसतात का?" सगळे हसले. मीही हसलो, अन् ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही लवकर पोहोचलो. फोटोचं उत्तर यायचं होतं. डॉक्टरीण म्हणाली, "तोवर एका मशीनवर बसता का बाबा? एका डोळ्याला एक चित्र दाखवते, दुसऱ्याला दुसरं. डोळे कसे फिरतात ते मशीन पाहते. दुखत नाही."

"दोन दोन दिसते म्हणून आलो, अन् तुमी अजून दोन दाखवता?"

ती हसली. "बिघाड कुठे आहे ते तरी कळेल ना."

खोली अंधारी केली. हनुवटी एका खाचेत टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं. डोळ्यांसमोर दोन छोटे आरसे, मधात काळी पाटी, म्हणजे या डोळ्याचं त्या डोळ्याला दिसू नये. खाली एक काळा कॅमेरा, थेट माझ्या बुबुळावर रोखलेला. दोन्ही हातात एकेक बटण दिलं. लाल दिसलं की उजवं दाबायचं, हिरवं दिसलं की डावं. पोरगी मागे स्टुलावर बसली. तिच्यासमोरच्या टीव्हीवर माझे दोन्ही डोळे थाळीएवढे दिसत होते, असं तिनंच सांगितलं. "बाबा, पापणीचे केसही मोजता येतात," म्हणाली. 

सुरू झालं. एका डोळ्याला उजवीकडे सरकणाऱ्या लाल रेघा, दुसऱ्याला डावीकडे सरकणाऱ्या हिरव्या. मला वाटलं होतं दोन्ही एकात एक मिसळतील, खिचडी होईल. तसं नाही झालं. आधी नुसतं लाल दिसलं. मग एका कोपऱ्यातून हिरवं आत घुसलं अन् पसरत पसरत सगळं लाल खाऊन टाकलं. मी काही केलं नव्हतं. डोळे उघडेच होते. समोर असलेली वस्तू उघड्या डोळ्यांसमोरून गेली. थोड्या वेळानं लाल परत आलं, हिरवं गेलं.

मला पक्कं वाटलं, हीच ती गाठ. धडधाकट माणसाला असं होत नसेल. मी नकळत डावा डोळा मिटला.

"डोळा उघडा ठेवा बाबा."

मागून पोरगी म्हणाली, "त्याइची सवयच झाली तशी."

"कधीपासून?" डॉक्टरणीनं विचारलं.

"त्याइलेच विचारा."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. डोळा उघडला, अन् चालाखी सुरू केली. मनात दहा मोजायचे, उजवं बटण दाबायचं. पुन्हा दहा, डावं दाबायचं. निरोगी माणसाला दोन्ही सारखंच दिसत असणार, असा माझा अंदाज. समोर लाल असो की हिरवं, माझं आपलं दहा अन् दहा.

डॉक्टरणीनं मशीन थांबवलं. "बाबा, तुम्ही हिरव्याचं बटण दाबता, पण तुमचे डोळे लाल रेघांच्या मागे चाललेत."

"तुमाले कसं माहीत?"

"कॅमेरा दाखवतो. रेघ जिकडे सरकते तिकडे डोळा हळू जातो, मग झटक्यात मागे येतो. जी रेघ मनाला दिसते, तिच्याच मागे जातो. ते तुमच्या हातात नाही."

पोरगी म्हणाली, "म्हणजे बाबा खोटं सांगून राह्यले?"

"खोटं नाही. घाबरलेत."

दोन्ही खरं होतं. मी त्या खाचेत हनुवटी टेकून बसलो होतो अन् पायाची बोटं चपलेत आवळली होती. आजवर मला वाटायचं, तोंड मिटलं की माणूस बंद झाला. तोंडात दात नाही राहिले तरी मी ती गोष्ट तोंडात धरून ठेवली होती. आता कळलं की डोळा विचारत नाही, सांगून देतो. अन् तो मागे पोरीच्या समोर थाळीएवढा मोठा होऊन सांगत होता.

बाईला माझी दया आली असावी. म्हणाली, "अहो, हे सगळ्यांनाच होतं. दोन डोळ्यांना दोन वेगळ्या गोष्टी दाखवल्या की मन दोन्ही एकदम घेत नाही. एक घेतं, मग ती सोडून दुसरी घेतं. मलाही असंच दिसतं." विश्वास बसावा म्हणून तिनं पोरीलाच मशीनवर बसवलं. पोरगी पाहते, पाहते, अन् एकदम ओरडली, "गेलं बाप्पा लाल! अवो बाबा, हिरवंच झालं सारं!" आवाज हुबेहूब मायचा. मी भिंतीकडे तोंड केलं.

मग मला पुन्हा बसवलं. या वेळी एका डोळ्याला घर होतं, दुसऱ्याला एका बाईचा चेहरा. शहरातली कोणी होती, कपाळाला काही नाही, ओळख ना पाळख. पण ती गेली अन् घर आलं की मला धसका बसायचा. घर गेलं, ती आली की श्वास सुटायचा. या खेपेला मी बटण खरं दाबलं. खोटं दाबून काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात फोटोचं उत्तर आलं. डॉक्टरणीनं उभ्याउभ्याच कागद वाचला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. दोन तोंडं होती, अन् दोन्ही हसली.

"गाठबिठ काही नाही बाबा. साखर वाढली आहे खूप. त्यानं डोळ्याची नस दुबळी झाली. साखर आटोक्यात ठेवली तर दोन-तीन महिन्यांत सुधारेल."

पोरीनं डोळ्याला पदर लावला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. गाठ असती तर मी न बोलता जाऊ शकलो असतो. आता जगायचं होतं.

बाईनं कपाटातून एक पांढरी डोळा झाकायची पट्टी काढली. "तोवर एक डोळा झाकून ठेवायचा. एक दिवस हा, एक दिवस तो. म्हणजे दोन दिसणार नाही." अन् ती बांधायला पुढे झाली.

मी तिचा हात धरला. परक्या बाईचा हात असा कधी धरला नव्हता.

"हेच मी तिले सांगतलं होतं," मी म्हणालो.

"कोणाला?"

मी पोरीकडे पाहिलं. दोन पोरी दिसत होत्या. डोळा न मिटता बोललो. "तुया मायले. तिचे डोळे आले नोयते. तिले दोन दोन दिसत होते. मीच म्हटलं डोळा मिट. पट्टी मीच बांधली. तू येते म्हणत होती, तुले मीच थांबवलं. वावर टोबायचं होतं."

 पोरीच्या हातात माझ्या कागदांची पिशवी होती, ती तिनं छातीशी धरली.

मी डॉक्टरणीला विचारलं, "मंग माया इलाज बरोबर होता का चूक, ते सांगा."

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "इलाज तोच आहे बाबा. पण आधी दोन का दिसतात ते पाहायचं असतं, मग पट्टी."

"पाह्यलं असतं तर वाचली असती का?"

"ते मला सांगता येत नाही. त्यांचे कागद मी पाहिले नाहीत. वाचल्या असत्या असंही म्हणणार नाही, अन् नसत्या असंही नाही."

पोरगी उठली. "चला," म्हणाली. पट्टी तिनंच बांधली, मागे गाठ मारली. केस अडकला तर हळू सोडवला. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

ऑटोत बसलो. वर्धा मागे पडलं. बोरगाव येईपर्यंत ती बाहेर पाहत होती. एकदाच बोलली. "मी त्या शनवारी पिशवी भरून ठेवली होती."  घराजवळ उतरताना म्हणाली, "आज मी काईच बोलणार नाई. बोलीन तवा बोलीन."

त्याला आता चौथा महिना चालू आहे. डोळा सुधारला. रस्ता एकच दिसतो, बाजारात जातो. तिचा रोज फोन येतो. "गोळी घेतली?" "घेतली." "चहात साखर?" "नाई." "ठेवते मंग." चार शब्द. फोन वाजला की माझं काळीज हलते, की आजच. अन् बोलणं न होता फोन बंद झाला की तेवढंच भ्या वाटते, की म्हणजे कधीच नाही. कधी वाटते, ती तिकडे बसून दोन बाप पाहत असेल. एक जातो, दुसरा येतो. कोणता टिकतो ते तिलाही माहीत नसेल.

काल गोळीचं विचारून झाल्यावर तिनं फोन ठेवला नाही. 

"बाबा, मी उद्या येते. एकटीच. पोराले घरी ठेवून. तुमी कुठं जाऊ नोका."

"ये," म्हणालो.

काय बोलेल ते माहीत नाही.  अंगण झाडलं, तिला चहा दुधाचा लागतो म्हणून शेजारी दूध सांगून ठेवलं. यष्टी साडेदहाला येते. मी नऊपासूनच दारात बसलो आहे.